शेंगवेलांचे पाणी : खराडीच्या बागेपुरता एक आढावा

वालाच्या, घेवड्याच्या किंवा चवळीच्या वेलाला किती पाणी घालावे, या प्रश्नाची उत्तरे बागकामाची पुस्तके, रोपवाटिकावाले आणि सोसायटीतले जाणकार शेजारी यांच्याकडे तयार असतात. फक्त ती एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी रोज सकाळी तांब्याभर म्हणतो, कुणी दिवसाआड पण भरपूर म्हणतो, कुणी माती कोरडी पडल्याशिवाय झारीला हातच लावू देत नाही. यांतले प्रत्येक उत्तर कुठल्या तरी वेलापुरते, कुठल्या तरी महिन्यापुरते खरे असते आणि दुसऱ्या वेलाला लावले की चुकते. या सगळ्या मतांचा आढावा घेतल्यावर एक गोष्ट लक्षात येते : ‘किती’ हा प्रश्न बहुतेक वेळा उशिरा विचारला जातो. खराडीसारख्या ठिकाणी पाण्याचा निर्णय बी पेरण्याआधीच झालेला असतो. कोणती शेंग, कोणत्या महिन्यात, किती मातीत आणि कोणत्या पाण्यावर, या चार गोष्टी नीट ठरल्या तर झारीचे काम सोपे होते. त्या चुकल्या तर रोज पाणी घालूनही वेल पिवळाच राहतो.

आधी ठिकाण पाहू. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या गावांपैकी खराडी एक. मुळा-मुठेच्या काठची शेती आयटी पार्क आणि उंच इमारतींखाली गेली, त्या वेगाने नळाचे पाणी मात्र आले नाही. खेड तालुक्यातल्या भामा आसखेड धरणाचे पाणी शहराच्या पूर्व भागाला देणारी योजना सुरू व्हायला जानेवारी २०२१ उजाडला, आणि त्यानंतरही बोअरवेल आणि टँकर यांची गरज संपलेली नाही. त्यामुळे एकाच सोसायटीच्या टाकीत कधी धरणाचे, कधी बोअरचे, कधी टँकरचे पाणी असते आणि त्यांचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते. पाऊसही इथे हात आखडता घेतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस शिवाजीनगरला पोहोचेपर्यंत सातशेच्या थोडा वर येतो आणि पूर्वेकडे आणखी ओसरतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उन्हाळ्यात वडगाव शेरी आणि कोरेगाव पार्क भागांतले तापमान शिवाजीनगरपेक्षा चढे नोंदले जाते, आणि खराडी त्याच पट्ट्यात येते. म्हणून कोकणातल्या परसातला किंवा कोथरूडच्या गच्चीवरचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

आता मागणीचा हिशेब. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने मराठी शेतकऱ्याला एक सवय लावली : पानांचे क्षेत्र आणि त्यावर पडणारे ऊन मोजायचे, मग पाण्याबद्दल बोलायचे. ती सवय कुंडीलाही लागू पडते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पुण्याच्या हवेत उघड्यावरचे हिरवे पीक डिसेंबरात दिवसाला साडेतीन-चार मिलिमीटर आणि मे महिन्यात सात मिलिमीटरच्या आसपास पाणी उडवते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या कोष्टकांनुसार पूर्ण वाढलेला घेवडा जवळजवळ तेवढेच पाणी घेतो. म्हणजे एक चौरस मीटर ताटी झाकणारा, दिवसभर उन्हात असलेला वेल हिवाळ्यात रोज चार लिटर आणि भर उन्हाळ्यात सात लिटर मागतो. बाल्कनीत अर्धा दिवस ऊन असेल तर मागणी निम्म्यावर येते, पण वरच्या मजल्यावर वारा जास्त लागत असेल तर ती पुन्हा वाढते. त्याच वेलाचे रोप असताना त्याला या पाण्याचा दहावा हिस्साही पुरतो. दोन पानांच्या रोपाला आणि फुलांनी लगडलेल्या वेलाला रोज सारखाच तांब्या ओतणे हे पाणी देण्याच्या पद्धतीतले पहिले दुखणे.

पुरवठ्याची बाजू मातीची. बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती बसते. तिच्यातले मुळांना घेता येईल असे पाणी अडीच लिटरच्या आसपास असते आणि त्यातले निम्म्याच्या आत संपले की घेवड्याला ताण बसू लागतो. हाताशी उरते ते जेमतेम लिटरभर. दिवसाला दोन ते चार लिटर मागणारा वेल या कुंडीत दुपारीच तहानतो, आणि सकाळी कितीही ओतले तरी जास्तीचे पाणी तळाच्या छिद्रातून निघून जाते. चाळीस लिटरच्या ग्रो बॅगेत हाच साठा तीन लिटरपर्यंत जातो आणि हिवाळ्यात दिवसातून एकदाचे पाणी पुरते. रो-हाउसच्या अंगणात, दोन फूट खोल चांगली माती असेल तर एका चौरस मीटरखाली चाळीस लिटर सहज मिळणारे पाणी साठते. तिथे डिसेंबरात आठ-दहा दिवसांनी आणि मेमध्ये पाच-सहा दिवसांनी आळे भरून दिले की झाले. रोज थोडे की दिवसाआड भरपूर, हा वाद इथे मिटतो. दोन्ही पक्ष बरोबर आहेत, फक्त त्यांच्यापाशी मातीचे प्रमाण वेगवेगळे आहे. मात्र खराडीतल्या पुष्कळ अंगणांत वरची चार बोटे लाल माती आणि खाली मुरूम किंवा बांधकामाचा राडारोडा असतो. तिथे जमीन म्हणजेही एक उथळ कुंडीच.

यावर एक आक्षेप लगेच येतो : बाल्कनीच्या कठड्याला आणि स्लॅबला वजनाची मर्यादा असते, मोठी कुंडी सगळ्यांना शक्य नाही. हे खरे आहे. अशा वेळी एका कुंडीत तीन वेल चढवण्याऐवजी एकच ठेवणे, शेंडा खुडून ताटीचा पसारा आटोक्यात ठेवणे आणि मातीवर पालापाचोळ्याचा चार बोटे थर देणे, हे तीन उपाय मातीचा साठा न वाढवता मागणी कमी करतात. पालापाचोळ्याला पुण्यात तोटा नाही. अदिती देवधर यांनी सुरू केलेल्या ‘ब्राउन लीफ’ उपक्रमाने वाळकी पाने जाळण्याऐवजी बागेत वापरण्याची चळवळच उभी केली आहे. आणखी एक जुना उपाय म्हणजे मातीत पुरलेले मडके. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात त्याचे वर्णन आहे आणि आपल्याकडेही कोरडवाहू भागात ते वापरतात. बिनचकाकीच्या मडक्यातून पाणी मातीच्या गरजेप्रमाणे झिरपते. खराडीत त्याची अडचण एवढीच की जड पाण्यातले क्षार भोके बुजवतात, म्हणून मडके अधूनमधून काढून घासावे लागते.

जड पाण्याचा मुद्दा इथे सगळ्यांत कमी चर्चिला जातो आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. घेवडा, म्हणजे आपला श्रावण घेवडा आणि राजम्याचा सगळा गोतावळा, भाज्यांमधल्या सर्वाधिक क्षार-नाजूक पिकांपैकी आहे. अन्न व कृषी संघटनेच्या पाण्याच्या प्रतीविषयीच्या प्रसिद्ध कोष्टकात घेवड्याची सुरक्षित मर्यादा ०.७ डेसिसीमेन्स प्रति मीटर दिली आहे. टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या, भाषेत सुमारे ४५०. टीडीएस साडेसहाशेच्या आसपास गेला की उत्पन्न दहा टक्क्यांनी घटते आणि साडेनऊशेच्या आसपास पाव हिस्सा जातो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक ५०० टीडीएस चांगले मानते आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेते. म्हणजे माणसाला पिण्यायोग्य ठरलेले पाणी घेवड्याला जाचक असू शकते. त्याच कोष्टकात चवळीची मर्यादा ३.३ डेसिसीमेन्स आहे, म्हणजे टीडीएस दोन हजारांच्या पुढे. एकाच कुळातल्या दोन वेलांमधला हा जवळजवळ पाचपट फरक आहे. हे आकडे निचरा चांगला असलेल्या शेताचे आहेत. कुंडीत क्षारांना जायला जागा कमी असल्याने ताण आणखी लवकर बसतो.

यातून काही लोकप्रिय काटकसरींचा फेरविचार करावा लागतो. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी बागेला घालावे, हा सल्ला हेतूने चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात, म्हणून ते फरशी पुसायला किंवा चिवट शोभेच्या झाडांना जावे, घेवड्याला नव्हे. सोसायटीत सॉफ्टनर असेल तर तेही पाणी टाळलेले बरे. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो. त्याने नळावर पांढरा थर बसत नाही, पण वेलाचे आणि मातीचे नुकसान वाढते. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी वापरायचे असेल तर टीडीएस पाहून, फक्त मुळाशी आणि शेंगांना न लागेल असे. याउलट तांदूळ-भाजी धुतलेले बिनमिठाचे पाणी आणि एसीतून टपकणारे पाणी हे घेवड्याला मानवणारे. पण पुण्याचा एप्रिल कोरडा, तेव्हा एसीतून फार पाणी मिळत नाही. कुणी म्हणेल, याच पाण्यावर जास्वंद आणि कढीपत्ता जोमाने वाढतात, मग घेवड्याचेच कौतुक कशाला? उत्तर असे की बहुवर्षायू झाड हळूहळू जुळवून घेते. घेवड्याचा वेल दोन-तीन महिन्यांत पेरणीपासून शेंगेपर्यंत जातो, त्याला सावरायला वेळच नसतो. पानांच्या कडा करपू लागल्या की आपण तहान समजून तेच पाणी आणखी ओततो. उपाय आहे तो क्षार धुऊन काढण्याचा : दोन-तीन आठवड्यांनी एकदा तळातून पाणी वाहून जाईल इतके ओतणे आणि पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवणे. पावसाएवढे क्षारमुक्त पाणी खराडीत दुसरे नाही.

आता शेंगेची आणि हंगामाची निवड. वाल आणि पावटा यांच्या पारंपरिक वेली जाती दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात. जूनमध्ये पेरलेला वेल ऑगस्टपर्यंत नुसता पाल्याने मांडव भरतो, आणि फुले का येत नाहीत म्हणून बागवाला पाणी आणि शेणखत वाढवतो. त्याने पाला आणखी वाढतो आणि फुले दसऱ्याच्या सुमारास, आपल्या वेळेलाच येतात. इथे पाणी वाढवणे वाया जाते. सोसेल इतके कमी करणे उलट मानवते. वालाचे मूळ खोल जाते आणि एकदा जम बसला की तो ताण काढतो. रायगडात, अलिबागच्या परिसरात, भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कडवे वाल पिकतात; त्यांना वेगळे पाणी दिले जात नाही. याचा अर्थ कुंडीतला वालही बिनपाण्याचा येईल असा कुणी घेऊ नये. अलिबागच्या वालामागे पावसाने भिजलेली खोल जमीन आणि हिवाळ्यातले दव असते. पंधरा लिटर मातीत त्याचे खोल मूळ निरुपयोगी ठरते. पण अंगणाच्या कुंपणावर, जमिनीत लावलेला वाल हा खराडीतल्या पाण्याला सगळ्यांत परवडणारा वेल आहे, हे निर्विवाद.

घेवड्याचे गणित वेगळे. त्याची मुळे उथळ आणि फुलोरा उष्णतेला हळवा. तापमान तिशी-बत्तिशी ओलांडून टिकले आणि रात्रीही गारवा आला नाही की परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. एप्रिलात फुले गळताना पाहून पाणी दुप्पट करणे हा सर्रास होणारा उपचार, पण ती गळ पाण्याच्या कमतरतेची असतेच असे नाही. इंग्लंडमध्ये घेवड्याच्या फुलांवर संध्याकाळी पाणी शिंपडण्याची जुनी चाल आहे. तिच्यापेक्षा मुळाशी ओल राखणेच शेंग धरायला अधिक उपयोगी, असा तिथल्याही जाणकारांचा कल आहे. पुरंदरच्या कमी पावसाच्या पठारावर घेवडा आणि वाटाणा पावसाळ्यात घेतात, साताऱ्याच्या कोरेगावचा भौगोलिक मानांकन मिळालेला घेवडाही खरिपाचाच. थंड-दमट हवेचा मोसम गाठणे हे त्या शेतीचे सूत्र. खराडीच्या बाल्कनीने तेच सूत्र घ्यावे : घेवडा जून-जुलैत किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबरात पेरावा आणि फुलांपासून शेंगा भरेपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांत ओल तुटू देऊ नये, कारण याच काळात पडलेला ताण नंतर कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही. उन्हाळ्याची जागा चवळीची. ऊन, क्षार आणि थोडाफार ताण, तिन्ही ती घेवड्यापेक्षा सोसते. बाजारात घेवडा बारमाही मिळतो मग घरी का नाही, या आक्षेपाला एवढेच म्हणता येईल की बाजार थंड मुलखातून माल आणू शकतो. बाल्कनी तिथे नेता येत नाही.

कमी पाण्याने मेलेल्या वेलांइतकेच जास्त पाण्याने मेलेले वेल असतात, आणि ते बहुधा पहिल्या आठवड्यातच जातात. वालाचे बिरडे करणाऱ्या कुठल्याही घरात हे ज्ञान आधीपासून आहे : वाल रात्रभर भिजवायचे, मग पाणी निथळून फडक्यात बांधायचे, पाण्यातच ठेवले तर मोड न येता वास येतो. मातीतल्या बीचे तेच. आधी ओली केलेल्या मातीत बी टोचावे आणि अंकुर वर येईपर्यंत शक्यतो पाणी घालू नये, कारण फुगलेल्या बीला तेव्हा हवाही हवी असते. पुढेही मुळांवरच्या गाठींतले नत्र बांधणारे जिवाणू चिबड मातीत काम थांबवतात. वेल पिवळा पडतो आणि आपण खत घालतो. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची अवस्था, तिच्यावर सुभाष पाळेकर यांनी नैसर्गिक शेतीच्या मांडणीत मोठा भर दिला. त्यांच्या उत्पन्नाच्या दाव्यांवर शास्त्रज्ञांचे मतभेद आहेत, पण वाफशाविषयीचा आग्रह मृदाशास्त्राला धरूनच आहे. मात्र झाडाच्या बाराच्या सावलीबाहेर पाणी द्यावे, हा त्यांचा नियम ताटीवर चढलेल्या वेलाला लावता येत नाही; वेलाची सावली भिंतीवर पडते आणि मुळे बुंध्याजवळच असतात. पावसाळ्यातली एक उलटी गोष्टही ध्यानात ठेवावी. गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या ताटल्या जूनमध्ये काढून टाकाव्यात, नाहीतर मुळे कुजतात. पण वरच्या मजल्याच्या स्लॅबखालच्या बाल्कनीत पावसाचा थेंबही येत नाही, आणि पाऊस आहे म्हणून पाणी बंद केल्याने तिथले वेल भर जुलैत सुकतात.

वेळेचा वाद त्या मानाने छोटा आहे. सकाळचे पाणी चांगले, कारण दिवसभराच्या मागणीआधी साठा भरतो आणि चुकून भिजलेली पाने लवकर वाळतात. तांबेरा आणि करपा यांच्या बीजाणूंना रुजायला पान तासन्तास ओले लागते. कामावरून रात्री परतणाऱ्यांनी संध्याकाळी मुळाशी पाणी दिले तर बिघडत नाही. दुपारी पानावर पडलेले थेंब भिंगासारखे पान जाळतात, हा समज हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये तपासला. गुळगुळीत पानांवर तसे घडत नाही, थेंब उचलून धरणाऱ्या केसाळ पानांवरच तो धोका दिसला. तहानलेल्या वेलाला दुपारी पाणी नाकारण्याचे त्यामुळे कारण उरत नाही. पाने धुण्याचे खरे कारण एकच : कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी आणि हिवाळ्यात वालावरचा मावा पानामागून पाण्याच्या धारेने निघतो, आणि ते काम सकाळी करावे. दुपारी घेवड्याची पाने उभी वळलेली दिसली तरी घाबरू नये. तीव्र उन्हाला पान कडेने सामोरे करून तो स्वतःला वाचवत असतो. खरी परीक्षा सकाळची. सूर्य वर यायच्या आत पाने मलूल असतील तर बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहावे. आत कोरडे असेल तर तहान, ओले असेल तर मुळांचा आजार. कोकोपीट जास्त असलेल्या मिश्रणात पृष्ठभाग कोरडा आणि तळ ओला असतो, म्हणून तिथे डोळ्यांवर विश्वास न ठेवता बोटावर ठेवावा.

शेवटचा आक्षेप गंभीर आहे. जिथे माणसांसाठी टँकर मागवावा लागतो तिथे हौसेच्या वेलाला पाणी घालणे योग्य आहे का? हिशेब असा की हिवाळ्यातला एक भरगच्च वेल दिवसाला चार लिटर घेतो. शहरी माणसामागे पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड दिवसाला १३५ लिटरचा आहे आणि एका जुन्या फ्लशलाही त्या वेलापेक्षा जास्त पाणी लागते. धुण्या-निवडण्याच्या पाण्यातून चार लिटर निघू शकतात. पण हेच समर्थन एप्रिलातल्या घेवड्याला लागू होत नाही. सात लिटर खारट पाणी रोज घेऊन तो फुले गाळणार असेल, तर ती उधळपट्टीच. म्हणून खराडीतल्या बागवाल्याने पहिली खरेदी झारीची न करता दोनचारशे रुपयांच्या टीडीएस मापकाची करावी, किंवा सोसायटीच्या कार्यालयात पाणी तपासणीचा अहवाल मागावा. आकडा साडेचारशेच्या आत असेल तर थंडीत घेवडा लावावा, हजाराकडे झुकत असेल तर तो सोडून चवळीकडे वळावे आणि जमीन मिळत असेल तर जूनमध्ये कुंपणाला वाल टोचावा. इतके ठरले की रोजचे पाणी बोटाची दोन पेरे सांगतात.